स्वस्त क्लेच्या शोधात : डहाणू ते तलासरी

मागच्या महिन्यात डहाणूहून आमच्या आपाने एक डबा पाठवला. आम्हाला वाटले, चिकूच्या वाळवलेल्या चकत्या असतील; डहाणूहून येणाऱ्या डब्यात दुसरे काय असणार! उघडला तर आत कानातले होते. निळे, हिरवे, शेंदरी असे एकोणीस जोड, आणि एकोणीसच्या एकोणीस तडकलेले. सोबत चिठ्ठी होती : "अर्ध्या किमतीची क्ले घेतली आणि पूर्ण नुकसान करून बसले. रमजानला दोनच महिने राहिलेत. तुम्ही मुंबईच्या जवळ राहता. चांगली आणि परवडणारी पॉलिमर क्ले कुठे मिळते तेवढे सांगा."

आपा म्हणजे आमच्या खालाची थोरली मुलगी. चार वर्षांपूर्वी दुल्हाभाई अल्लाहला प्यारे झाले. तेव्हापासून शिवणकाम आणि हाताने केलेले दागिने यांवर तिचे घर चालते. शिवणाचे पैसे महिन्याच्या किराण्यात जातात. दोन मुलांच्या शाळेचा खर्च मात्र ईदच्या हंगामात विकल्या जाणाऱ्या कानातल्यांतून निघतो. त्यामुळे हे एकोणीस जोड म्हणजे छंदातली चूक नव्हती, मुलांच्या वह्या-पुस्तकांचा प्रश्न होता.

उत्तर फोनवरही देता आले असते. पण खालाला भेटून दोन वर्षे झाली होती. अम्मी म्हणाली, "क्ले शोधायचीच असेल तर तिच्या घरी बसून शोधू." अम्मी आणि आम्ही दोघी बहिणी अशा तिघी निघालो. पिशवीत खालासाठी सांदणे, स्वयंपाकघरातला छोटा वजनकाटा, ओव्हनमध्ये ठेवायचा थर्मामीटर आणि मुंबईच्या अब्दुल रहमान स्ट्रीटवरून आणलेल्या चांगल्या क्लेच्या दोन वड्या.

विरारहून डहाणूची लोकल पकडली. २०१३ च्या एप्रिलमध्ये ही लोकल डहाणूपर्यंत धावू लागली आणि या भागातल्या लोकांसाठी मुंबई जवळ आली. वैतरणा ओलांडली की गर्दीचा आवाज बदलतो. सफाळे, केळवे रोड, पालघर, बोईसर. डब्यात रिकाम्या टोपल्या घेऊन परतणाऱ्या भाजीवाल्या, वाणगावला उतरणारे बागायतदार. खिडकीबाहेर ढोबळी मिरचीच्या पांढऱ्या जाळ्या आणि त्यांच्यामागे ताडांच्या रांगा.

अम्मीने वाटेत विचारले, "पण ही क्ले म्हणजे माती की नाही?" नाव मातीचे असले तरी ही माती नव्हे. पॉलिमर क्ले म्हणजे पीव्हीसी या प्लास्टिकची बारीक भुकटी; तिच्यात ती मऊ ठेवणारे तेलासारखे द्रव्य आणि रंग मिसळलेले असतात. हवेत ती वाळत नाही, महिनोन्‌महिने मऊ राहते. साधारण १३० अंश सेल्सिअसला अर्धा तास भाजली की कण एकमेकांत मिसळून घट्ट होतात आणि वस्तू पक्की होते. पाण्याने ती विरघळत नाही, हलकी असते, म्हणून कानातल्यांना उत्तम.

तिची जन्मकथाही घरगुती आहे. जर्मनीत केटे क्रूझे नावाच्या बाई बाहुल्या बनवत. बाहुल्यांची डोकी करण्यासाठी त्यांच्याकडे असा एक पदार्थ आला, पण तो त्यांच्या कामाला बसला नाही. त्यांची मुलगी सोफी, घरातले नाव फिफी, तिने तो घेऊन नक्षीकाम सुरू केले आणि विकायलाही काढले. १९६४ मध्ये एका पेन्सिल बनवणाऱ्या कंपनीने तिच्याकडून ते घेतले आणि पुढे त्याचेच नाव 'फिमो' झाले. आईला न जमलेली वस्तू मुलीने कामाला लावली. अम्मीला ही गोष्ट फार आवडली.

डहाणू रोडला उतरलो आणि घरी जाण्याआधी स्टेशनजवळच्या बाजारात शिरलो. म्हटले, आधी इथेच काय मिळते ते पाहू. पहिल्या स्टेशनरीच्या दुकानात विचारले. दुकानदाराने लगेच रंगीबेरंगी कांड्यांचा डबा पुढे केला. "ही घ्या की, क्लेच आहे!" ती मुलांची तेलातली क्ले. ती कधीच घट्ट होत नाही. भाजली तर वितळून पसरेल. दुसऱ्या दुकानात हवेत वाळणारी क्ले मिळाली. पॉलिमर क्लेच्या मानाने बरीच स्वस्त, पण वाळताना आकसते आणि पाणी लागले की बिघडते. पावसाळ्यातल्या डहाणूत असे कानातले किती दिवस टिकणार? तिसरीकडे दोन कांड्या एकत्र मळून वापरायची क्ले होती. ती आपोआप दगडासारखी होते, भाजावी लागत नाही. फोटोफ्रेम, मडकी सजवायला चांगली. पण मळल्यावर थोड्याच वेळात घट्ट होऊ लागते आणि कानात जड वाटते. नावाने सगळ्या क्लेच, कामाने चार वेगळ्या. ज्या भगिनी हे काम नव्याने सुरू करणार असतील त्यांनी एवढा फरक लक्षात ठेवला तरी पहिले नुकसान टळेल.

खालाच्या घरी पोहोचलो तेव्हा जोहरची वेळ झाली होती. नमाज, मग बोंबलाचे कालवण आणि तांदळाची भाकरी. जेवणानंतर आपाने आपले सामान मांडले. तिने घेतलेल्या स्वस्त क्लेच्या पाकिटावर ना बनवणाऱ्याचे नाव, ना किती अंशांवर भाजायची याची सूचना. उघडल्याबरोबर उग्र वास.

"आणि भाजतेस कशात?" आम्ही विचारले.

"कढईत. तळाला मीठ, वर झाकण. केक नाही का करत तसाच," आपा म्हणाली.

तेव्हा आमच्या लक्षात आले की गुन्हेगार एक नसून दोन असावेत. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी परीक्षाच घेतली. शेजारच्या घरात जुना विजेचा ओव्हन न वापरता पडून होता, तो मागून आणला. आपाची स्वस्त क्ले आणि आम्ही नेलेली चांगली क्ले, दोन्हींच्या सारख्या जाडीच्या पट्ट्या केल्या. एकेक पट्टी कढईत, एकेक ओव्हनमध्ये. थर्मामीटर दोन्हीकडे ठेवून पाहिला. कढईत काटा कधी ९० वर, तर पाच मिनिटांत १७० च्या पुढे. ओव्हनची कळ १३० वर ठेवली, तर आत प्रत्यक्षात १५० होते. कळ थोडी मागे घ्यावी लागली.

गार झाल्यावर पट्ट्या वाकवून पाहिल्या. पॉलिमर क्लेची खरी कसोटी हीच : नीट भाजलेली पातळ पट्टी वाकते, तुटत नाही. चांगली क्ले ओव्हनमधून काढली ती बोटांत धनुष्यासारखी वाकली. तीच क्ले कढईतून काढली ती एका कडेला तपकिरी आणि मधे कच्ची, वाकवताच मोडली. स्वस्त क्ले ओव्हनमध्ये पहिल्यापेक्षा बरी निघाली, तरी दुसऱ्या वाकवणीत तुटली. दोष निम्मा क्लेचा होता आणि निम्मा कढईचा. नुसती महाग क्ले आणून दिली असती तर आपाचे आणखी पैसे बुडाले असते.

कढईचा आणखी एक धोका होता आणि तो जास्त गंभीर होता. ही क्ले जास्त तापून जळली तर तिच्यातून हायड्रोजन क्लोराइडचा वायू निघतो. तो डोळ्यांना आणि छातीला झोंबतो. ज्या कढईत मुलांचे जेवण शिजते तिच्यात प्लास्टिक भाजायचे नसते. आपाचा चेहरा उतरला. धाकट्याला गेल्या पावसाळ्यात खोकला झाला होता, तो कशाने हे आता कोण सांगणार! ती काही बोलली नाही. तिने ती कढई उचलून मोरीत नेऊन ठेवली आणि म्हणाली, "ही आता फक्त क्लेचे तुकडे ठेवायला." तेव्हापासून तिच्या घरी क्लेची सुरी, लाटणे आणि फरशी वेगळी आहेत.

मग वजनकाटा काढला. भाव काय हे सगळेच विचारतात. एका जोडाला किती क्ले लागते हे कुणी मोजत नाही. चांगल्या क्लेची ५७ ग्रॅमची वडी आम्हाला २९० रुपयांना पडली होती. आपाची बिननावाची तेवढीच वडी १४० रुपयांची. आपाचे कानातले अडीच सेंटिमीटर रुंद आणि पाच मिलिमीटर जाड. एका वडीत सहा जोड. म्हणजे स्वस्त क्ले जोडाला २३ रुपये आणि चांगली क्ले जोडाला ४८ रुपये. एवढ्या फरकाने कुणीही स्वस्ताकडेच वळेल.

आम्ही तिला जाडी निम्मी करायला सांगितले. लाटताना दोन्ही बाजूंना अडीच मिलिमीटर जाडीच्या पट्ट्या ठेवल्या की लाटणे त्याखाली जात नाही आणि पोळी सगळीकडे सारखी होते. आता त्याच वडीत बारा जोड निघाले. चांगली क्ले जोडाला २४ रुपये! आपाने बोटांवर पुन्हा हिशेब केला, मग वहीवर केला. "म्हणजे मी चांगली क्ले स्वस्ताच्या भावात वापरू शकत होते?" शिवाय पातळ कानातले हलके असतात आणि नीट भाजले तर जास्त टिकतात.

बाकीच्या काटकसरीही याच सुरात सुचत गेल्या. बारा रंगांच्या बारा वड्या घेण्याऐवजी पांढऱ्या क्लेचे मोठे पाकीट घ्यायचे. आम्हाला मिळालेल्या भावात ते ग्रॅममागे जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याने स्वस्त होते. सोबत लाल, पिवळा, निळा आणि काळा, बस. बाकीचे रंग मळून होतात. विटकरी रंगासाठी तर गेरूची कोरडी पूडही चालते. खालाने अंगणातल्या कुंड्यांना लावायला आणलेली होती, तीच चिमूटभर मिसळली. मोठे मणी करायचे तर आत ॲल्युमिनियम फॉइलचा घट्ट गोळा आणि वरून क्लेचा पातळ थर. कापून उरलेले रंगीत तुकडे फेकायचे नाहीत, तेही मण्यांच्या पोटात जातात. उरलेली वडी बटर पेपरात गुंडाळायची. कडक पारदर्शक प्लास्टिकच्या डबीत ठेवली तर ती डबी चिकट होते. आणि उन्हात तापलेल्या खिडकीत तर मुळीच नाही, कारण तिथे ती न भाजताच घट्ट व्हायला लागते.

"इसराफ म्हणजे फक्त लग्नातली उधळपट्टी नव्हे," खाला पान लावता लावता म्हणाली, "पाच मिलिमीटरची पण असते."

दुपारी खाला म्हणाली, "साचे बघायचे असतील तर चिंचणीला चला." डहाणूहून खाडीच्या बाजूने दक्षिणेकडे रस्ता जातो. वाटेत औष्णिक वीज केंद्राची उंच चिमणी बराच वेळ सोबत करते. १९९१ मध्ये केंद्र सरकारने डहाणू तालुका पर्यावरणाच्या दृष्टीने नाजूक म्हणून जाहीर केला आणि इथल्या कारखानदारीवर मर्यादा आल्या. मोठे कारखाने फारसे नाहीत. म्हणून चिकूच्या वाड्या, मासेमारी, फुग्यांचे छोटे कारखाने आणि घरोघरचे हातकाम यांवर लोकांची भिस्त. वरोरजवळ वाढवणला आता मोठे बंदर होऊ घातले आहे; ३० ऑगस्ट २०२४ रोजी त्याची पायाभरणी झाली. त्याबद्दलची काळजी किनाऱ्यावरच्या घरांतून ऐकू येते.

चिंचणी, वरोर या पट्ट्यात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला एक उद्योग बाहेरच्यांना माहीत नसतो. सोन्याचांदीच्या दागिन्यांचे साचे, ज्यांना इथे 'डाय' म्हणतात, ते इथल्या घरांत हाताने कोरले जातात. पोलादाच्या ठोकळ्यावर पाने, फुले, वेलबुट्टी उलटी कोरायची. त्यावर सोन्याचा पातळ पत्रा ठेवून दाब दिला की नक्षी उठते. आपण सराफाकडे जो नाजूक तुकडा कौतुकाने हातात घेतो, त्याची नक्षी कदाचित अशाच एका खिडकीशी बसून कुणी भिंगातून कोरलेली असते. संगणकावर चालणारी यंत्रे आली आणि हे काम कमी होत चालले आहे.

खालाच्या ओळखीचे एक वयस्कर कारागीर होते. त्यांनी कोपऱ्यातली पेटी उघडली. आत झिजलेले, कड गेलेले जुने साचे. "सोन्याला आता हे चालत नाहीत, कड धारदार लागते," ते म्हणाले. आपाने पर्समधून क्लेचा गोळा काढला, साच्यावर टाल्कम पावडरचा हलका हात फिरवला आणि क्ले दाबून उचलली. गोळ्यावर सूर्यफूल उमटले, पाकळीतल्या रेषांसह. चाचा बराच वेळ ते हातात धरून बसले. मग म्हणाले, "हा साचा मी पंचवीस वर्षांचा असताना कोरला होता." त्यांनी पाच साचे भंगाराच्या भावाने द्यायचे ठरवले. आपाने नकार दिला आणि थोडे जास्तच पैसे दिले. वाद झाला, चहा झाला, आणि शेवटी मधला आकडा ठरला.

चिंचणीची आणखी एक आठवण वाचकांना सांगायलाच हवी. या गावात राष्ट्रकूट काळातले ताम्रपट सापडले आहेत. त्यांतल्या शके ८४८, म्हणजे इ.स. ९२६ च्या ताम्रपटात या किनाऱ्याचा कारभार पाहणाऱ्या एका अरब वंशाच्या अधिकाऱ्याची नोंद आहे. ताम्रपटात त्याचे नाव मधुमती असे आले आहे. अभ्यासक ते मुहम्मदचे रूप मानतात. त्याने संजाणला लोकांसाठी फुकट नावा सुरू केल्या, अन्नछत्र उघडले आणि तिथल्या देवीच्या मठासाठी दानही दिले, असे त्यात लिहिले आहे. हजार वर्षांपूर्वी समुद्रापलीकडून आलेले लोक इथे असे मिसळून गेले होते. ज्या चिकूमुळे आज डहाणू ओळखले जाते, तोही मुळात मध्य अमेरिकेतला. बाहेरून आलेल्या क्लेने इथल्या पोलादी साच्यातून फूल घ्यावे, हे या किनाऱ्याच्या रीतीला धरूनच झाले म्हणायचे.

तिसऱ्या दिवशी सकाळी कोसबाडच्या टेकडीवर गेलो. खालाचा हट्ट होता. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांचे नाव या भागात आजही आदराने घेतले जाते. १९४५ मध्ये बोर्डीला त्यांनी बालवाडीचे काम सुरू केले आणि नंतर ते कोसबाडला आणले. लहान मुलांना शिकवायची परदेशी साधने फार महाग. आदिवासी पाड्यांत ती कुठून येणार? या दोघींनी त्यांच्या जागी शिंपले, बिया, पाने, दगड, माती आणले. मोजणे बियांवरून, रंग पानाफुलांवरून. शाळा मुलांपर्यंत नेली, ती अंगणात भरवली. आज देशभर जी अंगणवाडी आपण पाहतो, तिच्यामागे या टेकडीवरचा हा विचार आहे. टेकडीवरून खाली चिकूच्या वाड्या आणि पलीकडे समुद्राची रेघ दिसते. आपा बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मी महिनाभर विचारत होते की स्वस्त सामान कुठे मिळेल. माझ्या घरात काय आहे हे विचारलेच नाही."

परतीच्या आधी एकच काम राहिले होते, तलासरीचे. आपाच्या शिवणवर्गात एक वारली भगिनी येते. तिचे घर तलासरीजवळच्या पाड्यावर. आपाच्या मनात वारली चित्रांचे कानातले करायचे होते. महामार्गावरून जाणारे प्रवासी ते घेतात. तिने दोन-तीन नमुने स्वतःच रंगवलेही होते. आम्हाला ते पटले नव्हते, पण तिने आधी त्या बाईंना दाखवावेत असे ठरले.

डहाणूहून एसटीने चारोटी, तिथून महामार्गाने उत्तरेकडे. डावी-उजवीकडे डोंगर, महालक्ष्मीचा उंच सुळका, मग दापचरी आणि तलासरी. पुढे आच्छाडचा नाका ओलांडला की गुजरात. मालवाहू गाड्यांची रांग संपत नाही. पण महामार्ग सोडून पाच मिनिटे आत गेले की कुडाची घरे, तांदळाच्या कापलेल्या शेतांची खुंटे आणि शांतता.

या तालुक्याला मजुरीचा इतिहास आहे. २३ मे १९४५ रोजी झरी गावात हजारो वारली जमले आणि वेठबिगार करणार नाही, फुकट राबणार नाही, असे ठरवून उठले. गोदावरी परुळेकरांनी त्या लढ्याची कहाणी 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात लिहिली. त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. खालाने एसटीत आपाला हे सांगितले, तेव्हा आपाने हातातले नमुने पिशवीत परत ठेवले.

बाईंच्या घराची भिंत गेरूने सारवलेली होती. एका कोपऱ्यात तांदळाच्या पिठाने काढलेला जुना चौक. घरात लग्न झाले तेव्हाचा. हे चौक पूर्वीपासून सवाष्ण बायकाच लिहीत आल्या. पुढे डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांनी ही कला कागदावर आणि जगभर नेली. त्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली, २०१८ मध्ये ते वारले. वारली चित्रकलेला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले आहे.

आपाने बाईंना नमुने दाखवले. त्यांनी एक हातात घेतला, हसल्या आणि म्हणाल्या, "हे झाड उलटे उगवले." मग त्यांनी बांबूची टोकदार काडी घेतली, आपल्या पांढऱ्या रंगात बुडवली आणि गेरूच्या रंगाच्या भाजलेल्या चकतीवर ताडाचे झाड काढले. खोड, झावळ्या आणि खाली दोन मडकी. दोन मिनिटेही लागली नसतील.

"याला किती खर्च येतो?" अम्मीने विचारले.

"गेरू स्वस्त, तांदूळ घरचा," त्या म्हणाल्या. "महाग असतो तो वेळ. पण तो कुणी मोजत नाही."

सगळ्याजणी गप्प झालो. तीन दिवस आम्ही ग्रॅम आणि रुपये मोजत होतो. आपाने स्वतःच्या वेळेचा भावही कधी लावला नव्हता. रात्री मुले झोपल्यावर बसून केलेल्या कामाचे तास तिच्या वहीत कुठेच नव्हते. तिथेच चटईवर बसून नवा हिशेब झाला. क्ले २४ रुपये. हुक, कार्ड, डबी आणि वीज मिळून ३० रुपये. बाईंची मजुरी जोडाला ४० रुपये, माल विकला जाण्याची वाट न पाहता हातात. आपाची स्वतःची मजुरी ४० रुपये. झाले १३४. आजवर ती १२० ला विकत होती. आता वारली जोड १८० ला. वरचे पैसे पुढच्या क्लेला आणि मोडतोडीला. साचा वापरलेले जोड मात्र १२० लाच राहतील, कारण तिथे दोनदा रंगवायचे नाही.

आपाने आणखी एक गोष्ट ठरवली. जे जोड बाईंच्या हातचे असतील त्याच कार्डावर 'वारली चित्र' असे छापायचे आणि खाली बाईंचे नाव. जे आपाच्या हातचे, त्यावर तो शब्द नाही. गिऱ्हाईकाला खरे सांगितलेच पाहिजे, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. पण दुसऱ्याच्या कलेच्या नावावर आपला माल विकणे हीसुद्धा मापातली खोटच आहे, हे त्या दिवशी स्वच्छ समजले. नक्षीबद्दल आपाने जरा संकोचत विचारले की आमच्याकडे काही घरांत माणसांच्या आकृतीचे दागिने घालत नाहीत, तर चालेल का? बाई म्हणाल्या, "झाड आहे, डोंगर आहे, सूर्य आहे, शेत आहे. जग काय माणसांनीच भरलंय?"

निघताना त्यांनी आम्हाला वालाच्या शेंगा दिल्या. महामार्गावर एसटीची वाट बघताना आपाने सगळ्यांना वचन घेतल्यासारखे विचारले, "आता क्ले कुठून घेऊ ते सांगा." शेवटी मूळ प्रश्न तोच होता! आम्ही सांगितले आणि वाचकांनाही तेच सांगतो. ज्या पाकिटावर बनवणाऱ्याचे नाव, भाजण्याचे तापमान आणि एएसटीएम डी-४२३६ किंवा ईएन ७१ यांसारखी सुरक्षिततेची खूण असेल तेच घ्या. दोन-तीन मैत्रिणींनी मिळून मोठे पाकीट मागवा आणि वजनावर वाटून घ्या. आधी एकच वडी आणून वाकवण्याची परीक्षा करा, मग उरलेली घ्या. थर्मामीटरवर केलेला खर्च पहिल्या महिन्यातच वसूल होतो. आणि भाजताना खिडकी उघडी, मुले दुसऱ्या खोलीत.

शेजारणीचा ओव्हन आपाने हप्त्याने विकत घेतला. डहाणूतल्या आणखी तीन भगिनींनी तिच्याबरोबर क्ले मागवली आहे. चिंचणीच्या चाचांनी पेटीतले राहिलेले साचे बाजूला काढून ठेवल्याचा निरोप पाठवला आहे.

काल पुन्हा डहाणूहून डबा आला. अम्मीने झाकण जपून उघडले. ह्या वेळी खरोखर चिकूच्या चकत्या होत्या. त्यांच्याखाली बटर पेपरात गुंडाळलेला एक जोड होता, ताडाच्या झाडाचा. आमच्यातल्या धाकटीने कडेला धरून हलकेच वाकवून पाहिला. वाकला आणि सरळ झाला.